वाघाचं नाव घेऊ नये

ताडोब्याच्या मोहर्ली गेटबाहेरच्या टपरीवर पहाटे पाचला उभं राहिलं की कानावर पडणारं बोलणं एखाद्या मोठ्या खटल्याच्या घरातलं वाटतं. सोनमची पोरं वेगळी झाली. जुनाबाईला पुन्हा पिल्लं झालीत. छोटी तारा आता थकली. छोट्या मटक्याचं दुसऱ्याशी जुंपलं आणि पाय गेला बिचाऱ्याचा. नवख्या माणसाला वाटावं, बोलणाऱ्यांची ही चुलतभावंडं किंवा गल्लीतले शेजारी असतील. चहा संपता संपता ध्यानात येतं, की ही सगळी वाघांची नावं आहेत. बोलणारे गाइड आणि जिप्सीवाले आहेत आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललंय त्याच्या दारात आपण नऊ-दहा हजारांचा खुर्दा करून उभे आहोत.

नाव असलेला वाघ पाहायला लोक चंद्रपूरला येतात. नुसता वाघ चालत नाही. पुण्याहून आलेलं एक कुटुंब मी पाहिलं आहे. त्यांना सकाळच्या फेरीत एक तरणा वाघ रस्त्यावर समोरासमोर भेटला. ‘हेड-ऑन’ म्हणतात तसा, चांगला दहा मिनिटं चालत आला. परतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, हा कोण होता? गाइडनं सांगितलं की अजून नाव पडलेलं नाही. त्यांचा चेहरा थोडा उतरलाच.

या जंगलाचं स्वतःचं नाव मात्र वाघावरून पडलेलं नाही. ते माणसावरून पडलं आहे, आणि तेही वाघानं मारलेल्या माणसावरून. तारू नावाचा एक गोंड गावप्रमुख होता. वाघाशी झुंजताना तो मेला आणि लोकांनी त्याला देव केलं. तारूचा ताडोबा झाला. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौष महिन्यात आदिवासी तिथं जत्रेला येत. जंगल राखीव झाल्यावर त्या येण्याजाण्यावर बंधनं आली, हे ओघानं आलंच. पर्यटकांच्या गाड्या तळ्याच्या काठानं जातात तेव्हा गाइड लांबून हात करून ती जागा दाखवतो. खाली उतरायची परवानगी नसते. बहुतेकांचं लक्ष तोवर तळ्यातल्या मगरींकडे गेलेलं असतं.

गेली काही वर्षं ताडोब्याला जाताना हीच गोष्ट माझ्या डोक्यात घोळते. वाघानं मारलेल्या एका माणसाच्या नावानं हे जंगल ओळखलं जातं. त्याच जंगलाच्या कडेला आजही वाघ माणसं मारतो. पण त्या माणसांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत, आणि वाघांची मात्र पाठ आहेत.

आतलं जंगल

आधी आत जाऊ, कारण आतलं जंगल देखणं आहे आणि त्याचं देखणेपण नाकारण्यात काही अर्थ नाही.

हे कोरडं पानझडीचं रान आहे. साग आणि बांबू मुख्य, मधूनमधून ऐन, बिजा, धावडा, हळदू, तेंदू, मोह. उन्हाळ्यात पानं झडली की पांढुरक्या गुळगुळीत खोडाची करूची झाडं उठून दिसू लागतात. चांदण्या रात्री ती भुतासारखी दिसतात, म्हणून काही जण त्यांना भुत्याही म्हणतात. चंद्रपूरचा मे महिना ज्यानं सोसला नाही त्याला या जंगलाची अर्धीच ओळख झाली, असं माझं मत आहे. पारा ४६-४७ अंशांवर असतो, दुपारी पाखरूही बोलत नाही. अशा वेळी वाघ पाणवठ्यात कमरेपर्यंत बुडून बसलेला असतो. तो उलटा चालत, शेपटीकडून पाण्यात शिरतो. डोळ्यांवर पाणी उडालेलं त्याला आवडत नाही म्हणतात. हे दृश्य मी जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा मला आमच्या घरातले, न्हाणीघरात आधी एक पाय घालून पाहणारे आजोबा आठवले.

मोहर्लीहून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळातले. त्यांच्या माथ्यांतून दोर ओवून घंटा बांधलेल्या असत आणि राजाची स्वारी निघाल्याची वर्दी त्या घंटांनी पुढे जाई, असं गाइड सांगतात. आज वर्दी देण्याचं काम चितळं आणि वानरं करतात. झाडावरच्या वानराचा खरखरीत खोकल्यासारखा आवाज आला की जिप्सीचं इंजिन बंद होतं. ‘कॉल चालू आहे,’ गाइड पुटपुटतो. मग सगळे गप्प बसतात. मला विचाराल तर वाघ दिसण्यापेक्षा ही पाचसात मिनिटं जास्त मोलाची आहेत. एरवी जन्मात न ऐकणारी माणसं त्या वेळात कान देऊन ऐकतात. आतमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, त्याचाही या शांततेला हातभार आहे.

वाघाच्या नादात बाकीच्यांवर अन्याय होतो. ताडोब्यातली अस्वलं, बांबूच्या बेटातून एकामागून एक रस्ता ओलांडणारे गवे, लालसर कोळसुंद्यांची टोळी, चौसिंगा, तळ्यावरचा मत्स्यगरुड, पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग. कोळसुंदे दिसले तर गाडी थांबवायला सांगावं लागतं, आणि गाडीतल्या दुसऱ्या कुटुंबाच्या कपाळावर आठ्या पडतात.

ताडोबा महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, असं आपण म्हणतो. १९५५ साली ११६ चौरस किलोमीटरचं हे उद्यान जाहीर झालं तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं. चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. शिकारीला बंदी त्याच्याही आधी, १९३५ मध्ये आली होती. १९८६ साली शेजारचं अंधारी अभयारण्य झालं. त्यातून वाहणाऱ्या अंधारी नदीवरून त्याचं नाव पडलं. १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. मेळघाटला हा दर्जा त्याआधी वीसबावीस वर्षं, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतच मिळाला होता. त्यामुळे ताडोबा बराच काळ धाकट्या भावासारखा मागे राहिला. २०१० साली भोवतालचं अकराशे चौरस किलोमीटर बफर म्हणून जाहीर झालं. आज गाभा ६२५ आणि बफर धरून सगळा प्रकल्प १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे.

गाभ्यात माणसं राहत होती. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, रानतळोधी ही गावं. एकेक गाव उठत गेलं. २००७ पासून पुनर्वसनाला वेग आला, नवेगाव आणि जामणी त्यानंतरच्या सातआठ वर्षांत बाहेर गेली. कुटुंबामागे दहा लाख रुपये असा तेव्हाचा हिशेब होता. काहींनी पैसे नीट लावले, काहींचे दोन वर्षांत उडाले. दोन्ही प्रकारची माणसं भेटतात. गावं उठली तिथं गवताची कुरणं झाली आहेत. पंढरपौनीचं कुरण पूर्वीच्या अशाच एका गावाचं. चितळं आणि सांबरं गवतावर येतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो. ज्या जागी वाघ हमखास दिसतो त्यांतल्या कितीतरी जागा जुन्या गावठाणाच्या आहेत. कुरणाच्या कडेला आंब्याची, चिंचेची, मोहाची जुनी झाडं रांगेत दिसतात. रांग पाहिली की ती माणसांनी लावलेली आहेत हे कळतं. एकदा अशाच आंब्याच्या सावलीत एक वाघीण पिल्लांसह पहुडलेली पाहिली. त्या सावलीत कधीकाळी खळं घातलं जात असेल, बैल फिरत असतील. गाडीतल्या कुणाला ते सांगावंसं वाटलं नाही, मलाही नाही.

माया

नाव असणं म्हणजे काय, हे मायानं दाखवून दिलं. कागदोपत्री ती टी-१२. पंढरपौनी आणि तळ्याचा परिसर तिचा. गाड्यांना ती अजिबात बुजत नसे. रस्त्याच्या मधोमध बसून राही, पिल्लांना जिप्सीच्या सावलीतून चालवत नेई. दहाबारा वर्षांत तिचे जितके फोटो निघाले असतील तितके मुंबईतल्या एखाद्या नटीचेही निघाले नसतील. तिची किती पिल्लं जगली, किती मेली, कुठल्या नरानं मारली, याच्या वंशावळ्या लोकांनी इंटरनेटवर लिहून ठेवल्या आहेत. घरातल्या पणजोबांचं नाव न सांगता येणारी माणसं मायाची आई, आजी, नातवंडं सांगत.

२०२१ च्या नोव्हेंबरात व्याघ्रगणनेचं काम सुरू होतं. ठरलेल्या रेषेवरून पायी चालत खुणा नोंदवायच्या, हे वनरक्षकांचं काम. कोलारा भागात एक तरुण वनरक्षक बाई मजुरांना घेऊन निघाली. वाटेत वाघीण बसलेली दिसली. त्यांनी थांबून वाट पाहिली आणि मग वळसा घालून जायचं ठरवलं. वाघिणीनं मागून येऊन बाईला ओढून नेलं. ती माया होती, असं सांगितलं गेलं. वाघ मोजायला गेलेली बाई वाघानं मारली. त्या वेळी समाजमाध्यमांवर पहिली धडपड मायाला वाचवण्याची झाली. तिला ‘नरभक्षक’ म्हणू नका, ती पिल्लांची आई आहे, तिनं जे केलं ते वाघाच्या स्वभावानं केलं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरीही मला ते वाचवेना, कारण मेलेली बाईही आई होती आणि तीही आपलं कामच करत होती.

२०२३ च्या पावसाळ्यात माया दिसेनाशी झाली. ऑगस्टनंतर कॅमेरा ट्रॅपमध्ये तिचा फोटो नाही. ऑक्टोबरमध्ये जंगल उघडलं आणि प्रत्येक गाडीत एकच प्रश्न होता. पथकं पायी फिरली. नोव्हेंबरात ताडोबा परिक्षेत्रात विखुरलेले सांगाडे-हाडं मिळाली, नमुने प्रयोगशाळेत गेले आणि ती मायाचीच असल्याचं निष्पन्न झालं. तिच्यासाठी लोकांनी खरंखुरं दुःख केलं. मेणबत्त्यांचे फोटो फिरले. मी हे चेष्टेनं लिहीत नाही. माणूस ज्याला रोज पाहतो त्याच्यासाठी रडतो.

त्याआधीच्या वर्षी, २०२२ च्या मेमध्ये, वाघडोह गेला. तोंडावरच्या व्रणामुळे स्कारफेस म्हणून जगभर ओळखला जाणारा हा दांडगा नर मोहर्लीचा राजा होता. म्हातारपणी तरुण नरांनी त्याला हुसकावलं. प्रकल्पाबाहेर, चंद्रपूरच्या जवळ, सिनाळ्याच्या बाजूला तो मेलेला सापडला. वय सतराच्या आसपास. जंगली वाघासाठी हे नव्वदीच्या पुढचं आयुष्य. त्याच्या शेवटच्या काळाचा नकाशा काढला तर तो गाभ्यातून निघून बफर आणि मग गावं-खाणींच्या कडेला येऊन थांबतो. या लेखाचा पुढचा भाग त्याच नकाशावरचा आहे.

रेषेच्या बाहेर

२००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते. २०१० मध्ये १६९, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. सोळा वर्षांत चौपटीहून जास्त. हे आकडे मोठ्या अभिमानानं सांगितले जातात, आणि सांगायलाच हवेत. सरिस्क्यासारख्या प्रकल्पात एकेकाळी एकही वाघ उरला नव्हता, त्या देशात हे घडलं आहे. पण या चौपटीतले बरेचसे वाघ जिथं वाढले ती जागा पर्यटकांच्या नकाशावर नाही. ती ताडोब्याच्या ईशान्येला आणि पूर्वेला आहे. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली हे तालुके. वनखात्याच्या भाषेत ब्रह्मपुरी वनविभाग आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख.

हा धानाचा मुलूख. याला झाडीपट्टी म्हणतात. गावोगावी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि लहान बोड्या. तलावाच्या मागे जंगलाचा तुकडा, पुढे धानाची बांधी, मग गाव, मग पुन्हा झुडपी जंगल. जंगल, शेत आणि गाव यांना वेगळं करणारी एकही सरळ रेषा इथं सापडत नाही. वाघाच्या दृष्टीनं पाहिलं तर हे उत्तम ठिकाण आहे. पाणी बारमाही, दडायला बांधाबांधावर झुडूप, खायला रानडुक्कर आणि बांधून न ठेवलेली जनावरं.

वाघाचं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आई त्याला हाकलते. मादीला कधी आईच्या इलाक्याचा तुकडा मिळतो, नराला बाहेर पडावंच लागतं. गाभ्यात प्रत्येक जागेला मालक आहे. मग हा तरणा नर रात्रीचा नाल्यानाल्यानं निघतो. ब्रह्मपुरीकडून निघालेला एक वाघ २०२३ मध्ये छत्तीसगड ओलांडून थेट ओडिशाच्या गजपती जिल्ह्यात पोचला. पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. वाटेत त्यानं किती गावांच्या वेशीवरून रात्र काढली असेल, कुणाला कळलंही नाही. वाघ माणसाला टाळण्यात तरबेज आहे. म्हणूनच इतके वाघ आणि इतकी माणसं इतक्या जवळ राहू शकतात. गाठ पडते ती काही ठरावीक वेळी आणि ठरावीक कामात.

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं रात्री गळतात आणि उन्हं वाढण्याआधी वेचायची असतात, म्हणून पहाटे अंधारात झाडाखाली जायचं. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचं एक पुडकं बांधायचं, शंभर पुडक्यांवर भाव ठरतो. सकाळी जितक्या लवकर रानात शिराल तितकी पानं जास्त. ऐन उन्हाळ्यात, शेतात काम नसताना, हा हंगाम घरात रोख पैसा आणतो. नंतर पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमाराला कापणी. या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे: बाई किंवा माणूस वाकलेला असतो. चार पायांवर उभ्या असलेल्या जनावरासारखा दिसतो. दबा धरलेल्या वाघाला पाठ दिसते, चेहरा दिसत नाही. वनखात्याचे लोकही हेच कारण देतात आणि गावकरीही.

२०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या एकाच गावच्या तीन बायका एकाच दिवशी वाघानं मारल्या. तीन असल्यानं ती बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रांतही आली. एक असती तर जिल्हा पानावर आली असती. अशा बातम्यांचा एक ठरलेला नमुना आहे. गाव, वय, ‘सरपणासाठी गेली असता’ किंवा ‘तेंदूपत्ता तोडताना’, वनपरिक्षेत्राचं नाव, पंचनामा, आणि शेवटी ‘परिसरात भीतीचं वातावरण’. नाव बातमीत असतं, पण दोन दिवसांनी ते कुणालाच आठवत नाही. मी हा लेख लिहिताना मुद्दाम आठवून पाहिलं. छोटी तारा, लारा, माधुरी, मटकासुर, गब्बर, येडा अण्णा ही नावं मला सहज आठवली. मेलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव आठवलं नाही.

मृताच्या वारसांना राज्य सरकार २५ लाख रुपये देतं. आधी वीस लाख होते, २०२३ मध्ये वाढवले. काही रक्कम लगेच, बाकीची मुदत ठेवीत. देशातल्या इतर राज्यांच्या मानानं ही रक्कम मोठी आहे आणि ती मिळते, हेही सांगितलं पाहिजे. पण या रकमेनं एक विचित्र गोष्ट केली आहे. तालुक्याच्या ठिकाणी, अगदी कार्यालयातसुद्धा, लोक दबक्या आवाजात म्हणतात की म्हातारं माणूस मुद्दाम जंगलात पाठवतात. मला ही कुजबूज किळसवाणी वाटते. आपल्याला ज्या माणसांविषयी काहीच ठाऊक नसतं त्यांच्याविषयी अशी गोष्ट रचणं सगळ्यात सोपं.

वाघही मरतात. रानडुकरांनी धान आणि हरभरा उद्ध्वस्त करू नये म्हणून काही शेतकरी कुंपणाला रात्री सरळ खांबावरून वीज सोडतात. त्या तारेला डुक्कर चिकटतं, कधी वाघ चिकटतो, कधी शेजारच्या शेतातला माणूस. सकाळी वाघ मेलेला दिसला की शेतकरी हबकतो आणि रात्री त्याला पुरतो. अशी खड्डे उकरलेली प्रकरणं वनखात्याच्या दप्तरात आहेत. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्ग या सगळ्या जंगलांमधून जातो. २०१८ च्या नोव्हेंबरात चिचपल्लीजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले. गोसेखुर्दच्या कालव्यानं वाटा तोडल्या आहेत. उभ्या काठाच्या कालव्यात पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही.

आणि मग चंद्रपूर शहर. कोळशाच्या खाणी, मातीचे डोंगर, त्यांवर उगवलेलं बाभळीचं रान आणि २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र. मुंबईत दिवा लागतो त्याचा कोळसा इथं जळतो. खाणीच्या ढिगाऱ्यांवरचं झुडूप वाघ-बिबट्यांना चालतं. २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात पाळी संपवून परतणारा कामगार वाघानं मारला आणि लगेच दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुर्गापुरात एका किशोरवयीन मुलाला बिबट्यानं नेलं. ताडोब्याच्या दक्षिण सीमेला लागून लोहारा इथं नवी कोळसा खाण होऊ घातली होती. २००९ मध्ये चंद्रपूरकरांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं, पर्यावरण कार्यकर्ते बंडू धोतरे यांनी उपोषण केलं आणि ती खाण बारगळली. वाघासाठी शहर रस्त्यावर आल्याचं असं उदाहरण आपल्याकडे विरळा. तेच शहर आज संध्याकाळी फिरायला जाताना हातात काठी घेतं.

रात्र

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडई भरतात. प्रत्येक गावाची मंडई ठरलेल्या दिवशी. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात आणि रात्री नाटक होतं. वडसा, म्हणजे देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगावी जातात, प्रयोग रात्री दहानंतर सुरू होतो आणि तांबडं फुटेपर्यंत चालतो. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांना हेवा वाटावा अशी गर्दी जमते. आजूबाजूच्या पाचपंचवीस गावांतून माणसं येतात. पूर्वी पायी, बैलगाडीनं येत. आता मोटारसायकली आहेत, ट्रॅक्टर आहेत. तरी वाघाचा वावर असलेल्या भागात प्रयोग अर्ध्यावर सोडून घरी जाणं शहाणपणाचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून लोक झोप आली तरी मंडपातच बसून राहतात. नाटक किती वेळ चालावं, हेही इथं थोडंफार वाघाच्या हातात आहे.

वनखात्यानं बरंच काही केलं आहे. बफरमधल्या गावांना गॅस दिला, म्हणजे सरपणाला जाणं कमी व्हावं. शेतांना सौर कुंपणं दिली. गावोगावच्या तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं उभी केली. वाघ दिसला की ही पोरं आधी गर्दी आवरतात, कारण मोबाइल घेऊन धावणारी गर्दी वाघापेक्षा जास्त घोळ घालते. सीतारामपेठसारख्या गावाच्या कडेला कॅमेरे बसवले आहेत, ते वाघ ओळखतात आणि गावकऱ्यांना मोबाइलवर इशारा देतात. हे चांगलं आहे. फक्त मोह वेचायला जाणाऱ्या म्हातारीच्या हातात बहुधा मोबाइल नसतो, आणि सिलिंडर भरून आणायला पैसे लागतात. सरपण फुकट असतं.

पर्यटनाचा पैसा गावात येतो हेही खरं. पूर्वीचे मजूर आज गाइड आहेत. बायकाही गाइड आहेत, जिप्सी चालवतात. गेटच्या जवळच्या गावांत पक्की घरं झाली. पण हा पैसा गेटपासून फार लांब जात नाही. सिंदेवाहीच्या बहुतेक गावांजवळ गेट नाही, रिसॉर्ट नाही. तिथल्या वाघाला तिकीट नाही. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना दोन्ही बाजूंनी घेरलं. त्याचे व्हिडिओ पाहून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. वाघीण त्या गर्दीत शांत होती. तिच्याजागी ब्रह्मपुरीचा वाघ असता आणि गर्दी गावकऱ्यांची असती तर त्याच दृश्याला आपण वेगळं नाव दिलं असतं.

वाघ जास्त झाले तर ते हलवावेत, हा एक उपाय. २०२३ पासून ब्रह्मपुरीकडच्या काही वाघिणी नवेगाव-नागझिऱ्याला नेल्या. २०२४ च्या अखेरीस जमुना आणि झीनत या दोन वाघिणी ओडिशातल्या सिमलीपालला गेल्या. तिथले वाघ एकमेकांच्याच नात्यात वाढल्यानं त्यांच्यात काळपट पट्ट्यांचं प्रमाण वाढलं आहे, त्यांना नवं रक्त हवं होतं. झीनतला सिमलीपाल मानवलं नाही. ती निघाली. झारखंड, मग पश्चिम बंगालमधलं झाडग्राम, पुरुलिया, बांकुरा. तीन आठवडे तीन राज्यांचं वनखातं तिच्यामागे. २९ डिसेंबरला बांकुऱ्यात तिला बेशुद्ध करून पकडलं आणि पुन्हा सिमलीपालला सोडलं. ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ सह्याद्रीत न्यायलाही परवानगी मिळाली आहे. कोयना-चांदोलीच्या लोकांना वाघ हवा आहे, कारण त्यांनी बऱ्याच पिढ्यांत तो जवळून पाहिलेला नाही. चंद्रपूरच्या लोकांची भावना याहून गुंतागुंतीची आहे. वाघ न्या म्हणणारा माणूसही पाहुणा आला की त्याला कौतुकानं सांगतो, काल आमच्या तळ्यावर होता.

मोहाखाली

एप्रिलच्या एका पहाटे मी नागभीडच्या बाजूला एका गावाबाहेर मोहाच्या झाडांजवळ गेलो होतो. सोबत गावातला एक पोरगा होता, दलात काम करणारा. त्यानं आधीच बजावलं होतं की अंधारात वाघाचा विषय काढायचा नाही. त्या शब्दाला तिथं मनाई आहे. दिवसा सरकारी माणसासमोर लोक वाघ म्हणतात, ‘टायगर’सुद्धा म्हणतात. रानात असताना म्हणतात, जनावर. जनावर त्या बाजूला गेलं. जनावरानं काल गोऱ्हा नेला. मी त्याला ताडोब्यातली नावं सांगितली. तो हसला. त्यानं एक-दोन ऐकली होती, मोबाइलवर. ‘पन ते तिकडचे,’ तो म्हणाला.

मोहाच्या फुलांचा गोडसर, आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी केलेली, त्यावर पिवळसर फुलं. पाचसहा बायका वेगवेगळ्या झाडांखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण शांतता नव्हती. दर चारसहा ओंजळी फुलं वेचल्यावर एकेक बाई कमरेवर हात ठेवून ताठ उभी राही, चारी बाजूंना पाही आणि मोठ्यानं खाकरे. घशात काही नसताना. मग पुन्हा वाके. पोरानं सांगितलं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आजी करायची, आई करायची. आपण माणूस आहोत हे जनावराला कळलं पाहिजे.

उजाडत होतं. जवळच्या झाडाखालची म्हातारी सरळ झाली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि दोनदा खाकरली. थोड्या वेळानं पलीकडच्या झाडाखालून तसंच उत्तर आलं, मग त्याच्याही पलीकडून, नाल्याच्या अंगाला असलेल्या शेवटच्या झाडाखालून.